चौथ्या सिलेंडरचा आकडा: सीटखालच्या इंजिनात कॉम्प्रेशन गेज बसवताना काय काय झालं

पार्श्वभूमी

अमळनेर-चोपडा पट्ट्यात आमचं छोटं गॅरेज आहे, मी, एक फिटर आणि एक शिकाऊ पोऱ्या. ज्या गाडीचं हे प्रकरण आहे ती सात सीटर व्हॅन, इंजिन पुढच्या सीटखाली, चार सिलेंडर, साधारण १२०० सीसी, पेट्रोल आणि सीएनजी दोन्हीवर चालणारी. गाडीची कंपनी आणि मालकाचं नाव-गाव लिहीत नाही, मालकाला आप्पा म्हणू, वयाने मोठे आहेत आणि आम्ही त्यांना तसंही आप्पाच म्हणतो.

आप्पांचं घर त्या एका गाडीवर चालतं. सकाळी शाळेची मुलं, दुपारी बाजाराचं भाडं, लग्नसराईत वऱ्हाड, यात्रेच्या दिवसात मनुदेवी नाहीतर सारंगखेडा. दीड लाखाच्या पुढे किलोमीटर झालेले आणि त्यातले बहुतेक गॅसवर. जूनच्या पहिल्या आठवड्यात ते आले तेव्हा शाळा उघडायला दहा-बारा दिवस होते. म्हणाले, "भाऊ, गाडी पहिलासारखी वढस नही. सकाये चालू व्हस तवय थरथर करस."

तक्रार अशी होती की सकाळी थंड इंजिनला पहिली दोन-तीन मिनिटं मिसिंग (इंजिन मधेमधे ठोका चुकवायचं), गरम झाल्यावर बरंच कमी व्हायचं पण उनपदेवकडे चढाला भरलेली गाडी दम टाकायची, आणि गॅसचं ॲव्हरेजही उतरलेलं. आमच्याकडे यायच्या आधी आप्पा दुसऱ्या एका ठिकाणी जाऊन आले होते. तिथे नवे प्लग टाकले, कॉइल अदलाबदल करून पाहिले, इंजेक्टर साफ केले, फरक पडला नाही म्हणून शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलेंडरमधे हवा किती दाबतो ते, बघितलं. चौथ्या सिलेंडरचं ९५ पीएसआय (दाबाचं माप) आलं, बाकीचे १७० च्या आसपास. इंजिन उघडावं लागेल, रिंग-पिस्टन, बोर, हेडचं काम, सगळं मिळून पस्तीस हजाराच्या वर जाईल असं सांगितलं गेलं. आप्पांनी तो आकडा एका कागदावर लिहून आणला होता, खिशातून घडी उघडून माझ्यापुढे ठेवला आणि एवढंच विचारलं, "इंजिन उघाडनं पडी का?"

मला त्या कागदाकडे बघून लगेच हो म्हणता आलं असतं. ९५ आणि १७० मधे एवढा फरक असेल तर कुठलाही मिस्तरी इंजिन उघडायलाच सांगेल. पण आमच्याकडे नियम आहे की दुसऱ्याने मोजलेल्या आकड्यावर आपण इंजिन उघडायचं नाही, आपण स्वतः मोजायचं. तेव्हा आप्पांना म्हटलं, दोन दिवस गाडी ठेवा.

अडचण कुठे होती

ज्यांनी सीटखालच्या इंजिनवर काम केलंय त्यांना सांगायला नको. सीट उलटली की खाली पत्र्याचं झाकण, झाकण काढलं की एक चौकोनी तोंड, आणि त्या तोंडातून जेवढं दिसतं तेवढंच इंजिन आपलं. पहिले तीन प्लग बऱ्यापैकी समोर येतात. चौथा मात्र पत्र्याच्या ओठाखाली जातो, हात आत जातो पण कोपर वळत नाही, डोळ्याला काही दिसत नाही, बोटांनीच चाचपायचं. त्यात प्लग हेडच्या वर नाही, खोल खड्ड्यात. आम्ही सायकलची तार घालून खोली मोजली तर ११ सेंमीच्या वर भरली.

आमचा जुना गेज असा: घड्याळ (काट्याची तबकडी) थेट रबरी होजला पक्कं बसवलेलं, होजच्या टोकाला १४ मिमीचे आटे, आणि टोकातच छोटा वॉल्व्ह, जो आलेली हवा परत जाऊ देत नाही आणि काटा वरच धरून ठेवतो. पहिल्या तीन भोकांत होज सरळ सोडून, घड्याळ हातात धरून आख्खं फिरवलं की आटे बसत होते. चौथ्याला होज आत सोडला की वरचं घड्याळ पत्र्याला आपटतं, पूर्ण चक्कर फिरतच नाही. होज वाकवून फिरवायला गेलो तर टोक तिरकं धरतं. हेड ॲल्युमिनियमचं असतं, लोखंडी आटा तिरका घुसला की हेडचे आटे मेलेच समजा, म्हणून तिथे जोर लावायचा प्रश्नच नव्हता.

रबरी बोंडाचा दाबून धरायचा गेजही आहे आमच्याकडे, बाइकला वापरतो. पण त्याची दांडी ११ सेंमी खाली पोचतच नाही, आणि पोचली असती तरी पत्र्याखाली हात वाकडा करून एवढा दाब सरळ रेषेत धरणं माणसाच्या ताकदीबाहेरचं. थोडं जरी सुटलं तरी फुस्स होऊन रीडिंग खाली येतं, आणि ते सिलेंडरचं लीक आहे की आपल्या हाताचं हे कळायला मार्ग नाही.

पहिला प्रयत्न, आणि तिथे झालेली चूक

मोजायच्या आधीची तयारी नीट केली होती, ती लिहितो कारण गॅसच्या गाडीत ही पायरी कुणीही गाळू नये. मागच्या टाकीचा हाताचा वॉल्व्ह बंद केला, इंजिन गॅसवरच चालू ठेवून लाइनमधला गॅस संपून ते आपोआप बंद पडू दिलं, मग पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला, इंजेक्टरचे आणि कॉइलचे कनेक्टर काढले. प्लगची भोकं उघडी असताना सेल्फ मारला आणि आत गॅस किंवा पेट्रोल येत असेल तर ते सीटखाली केबिनमधेच बाहेर फेकलं जातं, वर कुठे स्पार्क झाला तर आग तिथेच लागेल. प्लग सोडवायच्या आधी खड्ड्यांत हवा मारून धूळ उडवली, आपल्याकडे उन्हाळ्यात सीटखाली किती माती साचते ते माहीतच आहे, ती सिलेंडरमधे पडली तर नवीनच दुखणं. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरीला चार्जर लावलेला.

पहिले तीन मोजले. प्रत्येकी सहा दाब होईपर्यंत सेल्फ मारला. १७०, १६८, १७२.

चौथ्यासाठी आम्ही लेथवाल्या काकांकडून एक नळी करून घेतली. स्टीलची, २५ सेंमी लांब, आतून ६ मिमी भोक, खालच्या टोकाला १४ मिमीचे आटे, वरच्या टोकाला होज बसेल असे आतले आटे आणि पाना लागेल असं षटकोनी डोकं. नळी सरळ खड्ड्यात उतरली, हाताने आटे धरले, वर पाना लावून अलगद आवळली, आणि तिच्या डोक्यावर आमचा नेहमीचा होज. खूप छान बसली, कुठूनही हवा सुटत नव्हती, साबणाचं पाणी लावून पाहिलं. सेल्फ मारला, आकडा आला १०२.

इथे आम्ही फसलो. आधीच्या ठिकाणी ९५, आपल्याकडे १०२, दोन वेगळे गेज, दोन वेगळी माणसं आणि आकडा जवळजवळ तोच, मग शंका कशाला घ्यायची असं मला वाटलं. आप्पांना फोन करून सांगितलंही की आप्पा, उघडावं लागेल असं दिसतंय. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही, मग म्हणाले, "तुमी म्हंतस तं तसं." तो आवाज माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

संध्याकाळी चहा पिताना फिटर म्हणाला की एक सिलेंडर एवढा मेलेला असेल तर गरम इंजिन आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना, याच्यापेक्षा जास्त हललं पाहिजे. मला पण ते खटकत होतं. आणि तेवढ्यात पोऱ्याने विचारलं, "ही लांब नळी दुसऱ्या सिलेंडरला लावून पाहू का? तिथे किती येतं?"

एवढी साधी गोष्ट आमच्या दोघांच्या डोक्यात आली नव्हती. दुसऱ्या नंबरला, जिथे सकाळी होजने १६८ आलं होतं, तिथे लांब नळी लावली. आकडा आला १३५. तोच सिलेंडर, तोच गेज, तीच बॅटरी, फक्त मधे नळी, आणि तेहतीस पीएसआय गायब.

नळीने आकडा का खाल्ला

गेजचा वॉल्व्ह कुठे आहे त्यावर सगळं अवलंबून आहे. वॉल्व्ह टोकाला, म्हणजे सिलेंडरच्या अगदी तोंडाशी असेल तर त्याच्या वरची होज कितीही लांब असू द्या, एकेक दाबाने ती भरत जाते आणि शेवटी खरा आकडा दाखवते. पण वॉल्व्हच्या खाली जेवढी पोकळी असेल ती सगळी पिस्टनच्या वरच्या जागेत मिळवली जाते. प्रत्येक दाबाला पिस्टन ती पण भरतो आणि खाली जाताना ती पण रिकामी करतो.

हिशोब करून बघा. १२०० सीसीचं चार सिलेंडर इंजिन म्हणजे एकाला ३०० सीसी. कॉम्प्रेशन रेशो १० धरला तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा साधारण ३३ सीसी. म्हणजे ३३३ सीसी हवा ३३ मधे दाबली जाते. आमच्या नळीचं भोक ६ मिमी, लांबी २५ सेंमी, आतली पोकळी ७ सीसी. आता ३४० सीसी हवा ४० मधे दाबली जाते, रेशो १० वरून साडेआठवर आला. सात सीसी म्हणजे दीड चमचा पण नाही, पण ३३ च्या समोर ते फार मोठं आहे. नळीचं भोक ८ मिमी असतं तर पोकळी साडेबारा सीसीच्या वर गेली असती आणि आकडा अजून खाली आला असता.

चारही सिलेंडरला हीच नळी लावली असती तर इतकं बिघडलं नसतं. चारही आकडे सारखेच खाली आले असते आणि आपापसातली तुलना बरोबर राहिली असती. आम्ही तीन सिलेंडर एका जोडाने मोजले आणि चौथा दुसऱ्याने, आणि ते आकडे एका रांगेत लिहून त्यांची तुलना केली. आधीच्या ठिकाणी नेमकं काय वापरलं होतं ते मी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्यावर काही बोलणं बरोबर नाही. पण चौथा प्लग त्यांनाही तितकाच अडचणीचा होता, हे नक्की.

त्याच रात्री आप्पांना परत फोन केला आणि सकाळचं बोलणं मागे घेतलं. सांगितलं की माझ्या मोजण्यात चूक सापडली आहे, सिलेंडर कमी आहे पण किती ते अजून माहीत नाही, काही ठरवू नका, कुणाकडून पैसे उचलू नका. हा फोन करायला जड गेलं, पण नंतर कळलं की त्याच संध्याकाळी आप्पा एका सोयऱ्याकडे पैशाचं बोलायला निघाले होते.

पुढचे पर्याय

पहिला पर्याय, लांब नळीच चारही सिलेंडरला लावायची आणि फक्त तुलना बघायची. लगेच होण्यासारखं, पैसा लागणार नव्हता. दुसऱ्याचा १३५ आणि चौथ्याचा १०२ यावरून खरा आकडा १३० च्या आसपास असेल असा अंदाज त्यातूनच निघत होता. पण अंदाजच तो.

दुसरा, जुना प्लग फोडून त्याचं कवच वापरायचं. प्लगची पोर्सिलेन फोडून काढली की लोखंडी बॉडी उरते, तिचे आटे त्याच गाडीचे, लांबी तीच, वायसर तोच, हेडमधे शंभर टक्के बरोबर बसते. तिच्यावर नळी ठेवून पितळ लावून घ्यायची. गॅरेजवाले हे वर्षानुवर्षं करत आलेत. पण वॉल्व्ह परत वरच जाणार, म्हणजे परत तीच पोकळी.

तिसरा, ज्याच्या टोकात वॉल्व्ह आहे आणि घड्याळ वेगळं सुटतं असा लांब रीचचा (रीच म्हणजे आट्यांची लांबी) सेट विकत आणायचा. यात घड्याळ न लावता नुसता होज आत सोडायचा, आटे बसवायचे, आणि नंतर वर झटक्यात जोडायच्या कपलरने घड्याळ लावायचं. खर्च होता, पण एकदाच.

चौथा, गाडी जळगावला मोठ्या वर्कशॉपला पाठवायची. आप्पांचा अजून एक दिवस आणि अजून एक बिल.

आम्ही तिसरा धरला आणि दुसराही करून ठेवला, तो का ते पुढे येतं. सेट घेताना एक गोष्ट बघितली ती सांगतो. १४ मिमीच्या प्लगमधे आट्यांची लांबी दोन प्रकारची नेहमी भेटते, १२.७ मिमी आणि १९ मिमी. या गाडीला १९ ची. छोट्या रीचचा जोड लांब भोकात बसतो, पण खाली थोडे आटे रिकामे राहतात आणि तिथेही जरा पोकळी उरते. उलटं मात्र कधीच करू नका, छोट्या रीचच्या हेडमधे लांब जोड घातला तर टोक आत निघतं, पिस्टन किंवा वॉल्व्ह त्याला आपटू शकतो. म्हणून दुकानात जाताना त्याच गाडीचा जुना प्लग खिशात घेऊन गेलो आणि शेजारी शेजारी धरून जोड निवडला.

दुसरं मोजमाप आणि मधेच अडकलेला जोड

नवा होज पत्र्याच्या ओठाखालून आरामात गेला. वरचा भाग दोन्ही तळहातांच्या मधे धरून ताक घुसळायच्या रवीसारखा फिरवला. आधी उलटा फिरवायचा, आट्याचं तोंड टक् करून बसल्याचं हाताला कळतं, मग सुलटा. असं केलं की तिरका जातच नाही. पोऱ्याने तीनदा काढून-घालून सराव केला आणि मग चौथ्यालाही त्यानेच बसवला. आवळायला पाना लावायचा नाही, खाली ओ-रिंग असते, हाताने जेवढं होतं तेवढं पुरे.

चारही सिलेंडर, तोच जोड, तोच होज, तेवढेच सहा दाब, आणि चौथा मोजून झाल्यावर पहिला परत एकदा मोजला, बॅटरी बसत गेली म्हणून शेवटचा कमी आला की काय हे कळावं म्हणून. १६६, १६५, १६८, १२८. पहिला परत, १६५.

म्हणजे दुखणं होतं, पण ९५ वालं नव्हतं. १२८ सुद्धा सोडून देण्यासारखा नाही, बाकीच्यांपेक्षा २० टक्क्यांहून जास्त कमी. पण आता त्या आकड्यावर विश्वास ठेवता येत होता.

मग पाच मिली इंजिन ऑइल चौथ्यात टाकून ओली टेस्ट. आकडा १२८ चा १३२ झाला. रिंगा गेल्या असत्या तर तेलाने बोर (सिलेंडरची आतली भिंत) आणि रिंगच्या मधली फट भरून आकडा चांगलाच वर गेला असता. चारने काही होत नाही. म्हणजे संशय रिंगांवरून उठला आणि इंजिनच्या वॉल्व्हवर आला. शेजारचा तिसरा सिलेंडर ठणठणीत होता, रेडिएटरमधे बुडबुडे नव्हते, त्यामुळे हेड पॅकिंगचा संशयही मागे पडला.

आणि इथे एक दिवस गेला. होज उलटा फिरवून काढायला घेतला तर होज वर आला, जोड खालीच. लांब रीचचा तो जोड होजच्या टोकाला आट्यांनीच बसवलेला असतो, आणि हेडमधली पकड होजपेक्षा घट्ट झाली की असं होतं. जोड गोल होता, त्याला पाना धरायला काही नाही, आणि तो ११ सेंमी खाली अंधारात. फिटर इझी आउट (अडकलेला आटा आतून धरून काढायचं हत्यार) घालायचं म्हणत होता. मी नको म्हटलं, जोडाचा कीस पडला तर तो थेट सिलेंडरमधे जाणार. होजचे आटे पेट्रोलच्या फडक्याने कोरडे पुसले, त्यावर लॉकटाइटचे (आटे चिकटवायच्या गोंदाचे) दोन थेंब लावले, दोनच, खाली गळू नये म्हणून, होज परत खाली सोडून हाताने घट्ट केला आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी अलगद उलटा फिरवला आणि जोडासकट वर आला. त्या दिवसापासून तो जोड होजला कायमचाच चिकटवून ठेवलाय.

कुठून गळतंय ते कसं शोधलं

आता तो जुन्या प्लगच्या कवचाचा जुगाड कामी आला. कॉम्प्रेशन मोजताना नळीतली पोकळी नडते, पण कॉम्प्रेसरने बाहेरून हवा भरून गळती ऐकायची असेल तर पोकळीचा काही संबंधच नाही, हवा सतत येतच असते, नळी एकदा भरली की भरली. वॉल्व्ह पण लागत नाही. लांब, सरळ, बरोबर आट्यांची नळी, बस्स.

चौथा पिस्टन कॉम्प्रेशनच्या दाबाला वर आणला. इथे चूक झाली तर पिस्टन वर असूनही वॉल्व्ह उघडेच असतात आणि आपण उगीच भलतं निदान करतो, म्हणून भोकावर बोट ठेवून हवा दाबतेय ना ते बघत पुलीला पाना लावून फिरवलं. गाडी गियरमधे, हँडब्रेक ओढलेला, चाकांना विटा, आणि हवा सोडताना पुलीवरचा पाना काढून सगळ्यांचे हात बाहेर. हवेचा दाब पिस्टनला खाली ढकलतो आणि इंजिन झटका देऊन फिरू शकतं.

हवा हळूहळू वाढवली. ऑइलच्या झाकणात कान लावला, किरकोळ आवाज, तेवढा चांगल्या इंजिनलाही असतो. एअर फिल्टरच्या नळीत काही नाही. पोऱ्या मागे सायलेन्सरपाशी बसला होता, तो ओरडला, "इथे येतंय, इथे!" मी जाऊन हात धरला तर तळहाताला सरळ गार हवा लागत होती. एग्झॉस्ट वॉल्व्ह.

टॅपेट (वॉल्व्ह दाबून उघडणारा भाग) कव्हर काढलं. इंजिन गार झाल्यावर फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पत्त्यांनी, चौथ्याचे टॅपेट बघितले, एग्झॉस्टच्या एकात सगळ्यात पातळ पत्तीसुद्धा जाईना. फटच राहिली नव्हती. गॅसवर चालणाऱ्या गाड्यांत हे होतं. गॅस कोरडा, वॉल्व्ह आणि त्याची सीट यांना पेट्रोलसारखा आधार मिळत नाही, सीट हळूहळू झिजते, वॉल्व्ह वर सरकत जातो आणि टॅपेटची फट कमी होत होत शून्य होते. मग वॉल्व्ह पूर्ण टेकतच नाही. टॅपेट सैल झाला की टकटक वाजतो आणि माणूस गॅरेजला येतो, पण टाईट झाला की गाडी उलट शांत होते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. आप्पांनी सांगितलंही की वर्षभरापासून गाडीचा आवाज कमी झालाय, ते त्यांना चांगलं वाटत होतं.

निर्णय आणि निकाल

आता दोन रस्ते होते. हेड उतरवून वॉल्व्ह-सीटचं पूर्ण काम करायचं, किंवा टॅपेट लावून बघायचं. सीट झिजली आहे हे उघड होतं, त्यामुळे हेडचं काम आज ना उद्या येणारच. पण आज केलं तर शाळा उघडायच्या तोंडावर गाडी आठ-दहा दिवस उभी. टॅपेट लावून वॉल्व्ह नीट टेकायला लागला आणि त्याची कड अजून जळलेली नसेल तर गाडी बरेच महिने काढेल. कड जळली असेल तर आकडा वाढणारच नाही आणि ते लगेच कळेल, गमवायला फक्त अर्धा दिवस. आप्पांना दोन्ही बाजू सांगितल्या, बिलाचे दोन्ही अंदाज सांगितले, त्यांनी टॅपेट म्हटलं.

चारही सिलेंडरचे टॅपेट कंपनीच्या मापाने लावले. चौथ्याचा आकडा लगेच १४८ वर आला. आठवडाभर गाडी चालवून आप्पा परत आले तेव्हा १५५. थंड इंजिनची थरथर गेली. बाकीच्यांच्या बरोबरीला तो आला नाही आणि येणारही नाही, हे आप्पांना तोंडावर सांगितलं. बिल टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि मजुरी एवढंच झालं, नवा सेट आमचा आम्ही घेतला, त्याचा एक रुपया त्यांच्या बिलात लावला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

मला सगळ्यात जास्त खटकतो तो पहिला फोन. १०२ आल्यावर मी तीच नळी एका चांगल्या सिलेंडरला लावून बघायला हवी होती, दहा मिनिटांचं काम होतं, मग आप्पांना फोन. कुठलाही नवा जोड, नवी नळी, उसना गेज असेल तर आधी खात्रीच्या सिलेंडरवर तो काय दाखवतो ते बघायचं, हे आता आमच्या भिंतीवर लिहून ठेवलंय. आणि लेथवरच्या नळीवर लाल रंगाने लिहिलंय, फक्त हवा मारायला.

दुसरं, गाडी आल्या आल्या खड्ड्याची खोली, आट्यांचं माप, वर किती जागा आहे हे बघून मगच गेज काढायला हवा होता. आम्ही तीन सिलेंडर मोजून मग चौथ्यापाशी अडलो आणि तिथल्या तिथे जुगाड शोधला. अवघड भोक आधी बघितलं असतं तर चारही भोकांना चालणारा जोड सुरुवातीलाच ठरवला असता.

तिसरं, गॅसची गाडी आणि थंड इंजिनला मिसिंग म्हटलं की गेजच्याही आधी टॅपेट बघता आले असते. फिटरचं मत आहे की तेच आधी करायला हवं होतं आणि हे सगळं रामायण टळलं असतं. माझं मत थोडं वेगळं आहे, कारण आधीचा आकडा माहीत नसता तर टॅपेट लावल्यावर किती सुधारलं आणि किती शिल्लक राहिलं हे कळलंच नसतं, आणि हेडचं काम पुढे आहे हे आप्पांना खात्रीने सांगता आलं नसतं. यावर आमचा अजून वाद आहे.

एक बारीक गोष्ट राहिली. गेजच्या टोकातला वॉल्व्ह हरवला किंवा खराब झाला तर बरेच जण टायर-ट्यूबचा वॉल्व्ह पिन टाकतात, दिसायला अगदी सारखा असतो. पण त्याची स्प्रिंग कडक असते, गेजची नरम. कडक स्प्रिंग उघडायलाच दाब जातो आणि आकडा कमी दिसतो. आपला गेज नेहमीच जरा कमी दाखवतो असं कुणाला वाटत असेल तर आधी ती पिन बघा.

दिवाळीआधी आप्पा टॅपेट बघायला आले. चौथ्या एग्झॉस्टची फट परत थोडी कमी झाली होती, कॉम्प्रेशन १५२. टॅपेट परत मापात लावले. संक्रांतीनंतर पुन्हा बोलावलंय, आणि हेड मे महिन्यात उतरवायचं ठरलंय, शाळांना सुट्टी लागल्यावर आणि लग्नाच्या तिथी बघून. आप्पांनी त्यासाठी दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली आहे.